स्वखुशीची चारशे वर्षं

सासेत सून होऊन या घरात आली त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि अठरा वर्षांत आजेसासऱ्यांसमोर तिच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता. भांडण नव्हतं की रुसवा नव्हता. काळ्या समुद्रालगतच्या त्या डोंगरगावांत अदिगे लोकांची रीतच तशी होती. सुनेनं सासरच्या थोरांपुढे बोलायचं नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचंही घ्यायचं नाही, ते उठले की उठायचं. मग एखाद्या चांगल्या दिवशी चार माणसांदेखत घरातला थोरला म्हणतो, "बोल, सूनबाई," हातात काहीतरी भेट ठेवतो, आणि तिचं तोंड मोकळं होतं. बहुतेक घरांत पहिलं मूल झालं की हे उरकून टाकतात. सासेतला मूल झालं नाही. आधी हिटलरशी लढाई आली. नवरा तीतून धडधाकट परत आला, आणि चार वर्षांनी त्याला आपल्याच माणसांनी धरून नेलं.

घरात राहिली ती दोघंच, सून आणि आजेसासरे, म्हणजे थोरले. त्यामुळे मांजराला फार मान आला होता. थोरल्यांना काही सांगायचं असलं की ते मांजराला सांगत. "मांजरे, आज चीज खारट झालंय म्हणून कुणाला तरी सांग." सासेत चीजची वाटी उचलून दुसरी ठेवी. नवऱ्याला, शुमाफला, नेलं त्या आठवड्यात थोरले मांजराला म्हणाले होते, "पोरगा घरी येईल त्या दिवशी मी सुनेला बोलती करीन. त्याआधी नाही." त्यालाही आता आठ वर्षं झाली होती.

शुमाफ गावच्या शाळेत मास्तर होता. १९३९ साली शाळेच्या पुस्तकात छापलेलं होतं की झारच्या फौजांनी डोंगरातल्या लोकांची भूमी बळकावली आणि त्यांना देशोधडीला लावलं. शुमाफनं ते वाक्य वहीत उतरवलं आणि त्याखाली गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहायला घेतल्या. १९४९ साली ती वही सापडली आणि त्याला सक्तमजुरीच्या छावणीची दहा वर्षं मिळाली. मधल्या काळात पुस्तक बदललं होतं. शुमाफनं वही बदलली नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा. वही त्याच्या डोळ्यांदेखत शेकोटीत गेली. मागल्या वर्षी छावण्यांची दारं उघडली तेव्हा तोही बाहेर आला, पण घरी येऊ शकला नाही. समुद्रकिनारा म्हणजे देशाची हद्द, आणि हद्दीवर राहायला जिल्ह्याची परवानगी लागते. तो हजारो मैलांवरच्या कारागंडा शहरात कोळशाच्या वखारीत काम करत होता आणि दर महिन्याला पत्र पाठवत होता. पत्रात हवापाण्याखेरीज काही नसे.

सासेत आता त्याच शाळेत शिकवत होती. जूनच्या एका सकाळी तिला सामुदायिक शेताच्या कचेरीत बोलावणं आलं. तिथं शेताचा अध्यक्ष मुग्दीन बसला होता, आणि त्याच्या खुर्चीत जिल्ह्याहून आलेले अधिकारी गेन्नादी प्रोखोरोविच. मुग्दीन हा बोलका, हसरा आणि भित्रा माणूस. आपल्याच कचेरीत तो स्टुलावर बसला होता.

"या, सासेत बाई," गेन्नादी प्रोखोरोविच म्हणाले. "आनंदाची बातमी आहे. सप्टेंबरात चारशे वर्षं पूर्ण होतायत."

"कशाला?"

"तुम्ही लोक स्वखुशीनं रशियात आलात, त्याला."

"बघा," मुग्दीन म्हणाला, "आमच्या तर लक्षातच नव्हतं." आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तो खिडकीबाहेरच्या कोंबड्या मोजू लागला.

गेन्नादी प्रोखोरोविच रागावले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, हे सासेतही कबूल करी. त्यांचा सख्खा भाऊ याच डोंगरात जर्मनांशी लढताना पडला होता आणि दर मे महिन्यात ते त्याच्या कबरीवर फुलं ठेवायला येत. सगळ्या जमाती म्हणजे एक मोठं घर आणि रशियन माणूस त्यातला थोरला भाऊ, यावर त्यांचा अगदी मनापासून विश्वास होता. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं. सासेतला भीती वाटायची ती यांच्यासारख्यांची.

"तुमचे आजेसासरे नव्व्याण्णव वर्षांचे," ते म्हणाले. "या किनाऱ्यावर इतका जुना माणूस दुसरा नाही. त्यांनी मंचावर उभं राहून चार वाक्यं बोलायची. आपल्या भाषेत, साधी, मनातली. तुम्ही ती रशियनमध्ये सांगायची. मॉस्कोचे पाहुणे असतील, फोटो निघतील."

"साहेब, घोडं तिथंच अडतंय," मुग्दीन म्हणाला. "वहिनी त्यांच्यासमोर बोलत नाहीत. आमच्यात सून बोलत नसते."

"क्रांतीला चाळीस वर्षं झाली, मुग्दीन. आकाशात यंत्रं सोडायच्या गोष्टी चालल्यात आणि तुमच्या सुना अजून मुक्या?" ते हसले. "बरं, समोर बोलायचं नाही ना? मग पाठीमागं उभं राहून बोला."

मग त्यांनी कातडी पिशवीतून एक पातळ फाईल काढली आणि न उघडताच तिच्यावर हात ठेवला.

"शुमाफ नापसोचा अर्ज माझ्याकडे आलाय. जिल्ह्याचा अभिप्राय हवाय. कुटुंबाचं वळण कसं आहे, असा एक रकाना असतो. तो मला चांगला भरायला आवडेल, बाई. खरंच आवडेल."

"कधी भराल?" सासेतनं विचारलं.

"सोहळा झाला की लगेच."

दगडाखाली हात सापडला की माणूस दगडाशी भांडत नाही. सासेत म्हणाली, "मी भाषांतर करीन."

घरी ही बातमी थोरल्यांना सांगायची तर मुग्दीनलाच नेणं भाग होतं. तो फाटकाच्या आतच टोपी हातात घेऊन उभा राहिला. थोरले अंगणात नासपतीच्या झाडाखाली काठी तासत बसले होते. सासेत दाराआड उभी होती.

"स्वखुशीनं?" थोरले म्हणाले. "कुणाच्या?"

"आपल्या, थोरले. चारशे वर्षांमागं आपल्या राजानं मॉस्कोच्या झारकडे दूत धाडला म्हणे. आम्हाला पदरात घ्या म्हणून."

"आपला राजा कोण?"

"असेल कुणीतरी."

"मुग्दीन, आपण शाप्सुग जमातीचे. शाप्सुगांत राजा कधी झाला? आपल्यात सख्खा भाऊ भावाचं ऐकत नाही, राजाचं कोण ऐकणार?"

"तो पूर्वेकडच्या काबर्डींचा राजा होता, थोरले. पण अदिगे ते सगळे एकच, असं साहेब म्हणतात."

"मग त्यांच्याकडूनच वदवून घ्या. शेजारच्या पोरीनं होकार दिला म्हणून आमची पोरगी मांडवात का बसवता?"

मुग्दीनला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. मग त्यानं आवाज खाली आणला. "शुमाफचा कागद त्यांच्या हातात आहे, थोरले. सोहळ्यानंतर सही करणार म्हणतात."

काठीवरची सुरी थांबली. थोरले मांजराकडे वळले. "बोलेन म्हणून सांग कुणाला तरी. आणि जो माझं बोलणं रशियनमध्ये सांगणार असेल, त्यानं खुशाल सांगावं."

ते काय बोलतील हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सासेतनं चार वाक्यं लिहून काढली. पूर्वज स्वखुशीनं आले. थोरल्या भावानं हात धरला. आज आम्ही सुखी आहोत. आमच्या नातवंडांना शाळा आहे. थोरल्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मुग्दीन रोज संध्याकाळी येऊन ती वाचून दाखवी आणि म्हणे, "आता तुम्ही म्हणा." थोरले ऐकत, मान डोलावत, आणि विचारत, "मुग्दीन, तुझ्या शेळीची तंगडी बरी आहे का?" ऑगस्ट संपत आला तरी एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. सासेतची झोप उडाली. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना ती एकच पान दोनदा तपासू लागली.

मग मंच बांधायला सुरुवात झाली. जागा निवडली होती ती नदीच्या मुखाजवळची, जिथं पुळण रुंद आहे. जिल्ह्याच्या माणसांना ती प्रशस्त वाटली. गावातलं कुणी सहसा तिथं जात नसे. पोरंही पोहायला पलीकडच्या खडकांवर जात. का, हे त्यांना कुणी समजावून सांगत नसे, नुसतं "तिथं नको" म्हणत. थोरले मात्र आता रोज काठी टेकत तिथं जाऊ लागले. सुतारांच्या शेजारी उभे राहून समुद्राकडे बघत आणि दुपारी परत येत.

सोहळ्याचा दिवस स्वच्छ उजाडला. आजूबाजूच्या सात गावांतून पाच-सहाशे माणसं आली. लाल कापडं, बँड, शाळेच्या मुलींच्या वेण्यांना पांढऱ्या फिती. पाहुण्यांत चष्मा लावलेला एक तरुण होता. खाझ्रेत त्याचं नाव, माइकोपच्या संशोधन संस्थेतला. त्यानं म्हाताऱ्यांना उठून मान दिला आणि स्वच्छ अदिगे भाषेत क्षेमकुशल विचारलं. त्याच्या हातात वही होती.

सासेत त्या वहीकडे बघत राहिली. दोन्ही भाषा समजणारा माणूस पाहुण्यांत असेल हे तिनं धरलंच नव्हतं.

"घाबरू नका, वहिनी," मुग्दीन कुजबुजला. "आपलाच आहे."

"आपला आहे म्हणूनच घाबरते, मुग्दीनभाऊ. परक्याला काय कळणार आहे?"

भाषणांआधी जेवण होतं. लांबलचक टेबलांवर कोंबडी होती, अक्रोडाची आमटी होती, वरीच्या घट्ट शिजवलेल्या वड्या होत्या, आणि जिल्ह्याच्या मच्छीमार संघानं खास पाठवलेले समुद्रातले मासे होते, परातीच्या पराती, लिंबू लावून भाजलेले. पाहुणे माशांवर तुटून पडले. गावच्या म्हाताऱ्यांच्या टेबलावरच्या पराती मात्र आणल्या तशाच राहिल्या. जो तो कोंबडीचा तुकडा घेई आणि परात हळूच शेजाऱ्याकडे सरकवी. सरकत सरकत सगळ्या पराती टेबलाच्या टोकाला गोळा झाल्या.

पेपरच्या फोटोवाल्यानं त्यातला सर्वांत मोठा मासा थोरल्यांच्या ताटात ठेवला. "आजोबा, एक घास. कॅमेऱ्याकडे बघून."

थोरल्यांनी ताटाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

"त्यांना दात नाहीत हो," मुग्दीन घाईघाईनं म्हणाला. थोरल्यांनी फोटोवाल्याकडे बघून तोंड भरून हसून दाखवलं. बत्तीसच्या बत्तीस नसले तरी पुष्कळ होते. गेन्नादी प्रोखोरोविच दुरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण चमचा हवेत थांबला होता.

मग थोरल्यांना मंचावर नेलं. सासेत त्यांच्या मागे तीन पावलांवर उभी राहिली, डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून.

थोरल्यांनी मायक्रोफोन बाजूला केला. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता.

"मी सहा वर्षांचा होतो," ते आपल्या भाषेत म्हणाले. "हा मंच आहे ना, इथंच आम्ही बसलो होतो. बावीस दिवस. वर डोंगरात सैनिक होते आणि त्यांनी घरं पेटवली होती. सांगितलं होतं, दलदलीत जाऊन राहा नाहीतर तुर्कांच्या देशात जा."

ते थांबले. पाहुणे कौतुकानं हसत होते. आता सासेतची पाळी होती. अठरा वर्षांनी थोरल्यांच्या कानावर पडणारा तिचा पहिला शब्द काय असेल याची तिनं हजारदा कल्पना केली होती. ती मोठ्यानं, रशियनमध्ये म्हणाली, "आमचे आजोबा म्हणतात, आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी स्वखुशीनं महान रशियाकडे आले."

टाळ्या झाल्या. थोरल्यांनी मान वळवली नाही.

"गलबतं आली तेव्हा माणसं एकमेकांवर चढली. माझी आई धाकट्या बहिणीला घेऊन चढली. वडील मला घेऊन मागे राहिले. जागा नव्हती."

"थोरल्या भावानं आमचा हात धरला," सासेत म्हणाली, "आणि अडचणीच्या काळात सोडला नाही."

"आम्ही वरून, जंगलातून बघत होतो. गलबत पाच दिवस वाऱ्याअभावी तिथंच उभं होतं. त्यावर ताप होता. रोज माणसं पाण्यात टाकत होते. समुद्र त्यांना इथं, या वाळूवर, परत आणून टाकी. बहीण आली. आई आली नाही. म्हणून आम्ही या पाण्यातला मासा खात नाही, पोरांनो. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. आता सांगितलं."

गावातली म्हातारी माणसं एकेक करून उठली आणि टोप्या काढून उभी राहिली. मग तरुण उठले, बायका उठल्या. सासेतनं शेवटचं वाक्य म्हटलं. "या समुद्रानं आम्हाला पोसलं, आणि आज आम्ही सुखी आहोत, असं आजोबा म्हणतात."

एवढा समुदाय उभा राहिलेला पाहून गेन्नादी प्रोखोरोविच गहिवरले. तेही उभे राहिले. मग मॉस्कोचे पाहुणे उभे राहिले, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख उभे राहिले, बँडवाले उभे राहिले. समुद्रात टाकलेल्या त्या माणसांसाठी त्र्याण्णव वर्षांत एवढे लोक कधी उभे राहिले नव्हते, आणि त्यातल्या बऱ्याच पाहुण्यांना आपण कशासाठी उभे आहोत याचा पत्ता नव्हता. गेन्नादी प्रोखोरोविचनी डोळे पुसत थोरल्यांना मिठी मारली. थोरले त्या मिठीत ताठ उभे होते.

गर्दी पांगताना खाझ्रेत सासेतजवळ आला. "भाषांतर छान केलंत, बाई."

"थोडंफार सुटलं असेल."

"मी तुमचंच उतरून घेतलंय, रशियनमधलं." त्यानं वहीवर बोट ठेवलं. "अदिगे काही लिहिलेलं नाही. अजून तरी."

तो एवढंच बोलला आणि गाडीकडे गेला. धमकी होती, दिलासा होता, की नुसतं एका संशोधकाचं बोलणं होतं, हे सासेतला कळेना. 'अजून तरी' हे दोन शब्द मात्र तिच्या मानेवर बसले ते बसलेच.

थोरल्यांना रशियन येतं हे तिला ठाऊक होतं. जपानच्या लढाईत ते घोडदळात होते. त्यांनी तिचा शब्द न् शब्द ऐकला होता. घरी आल्यावर ती चुलीशी पाठमोरी बसून राहिली. थोरले आत आले, बूट काढले, आणि मांजराला म्हणाले, "आज किनाऱ्यावर वारा फार होता. मला कुणाचं काही ऐकू आलं नाही. सून काही सासऱ्यासमोर बोलत नसते, तेव्हा कुणी काही बोललंही नसेल." सासेतनं रुमालात तोंड खुपसलं आणि आठ वर्षांचं रडून घेतलं.

गेन्नादी प्रोखोरोविच शब्दाला जागले. रकाना चांगला भरला गेला. पेपरात थोरल्यांचा फोटो आला, खाली सासेतची वाक्यं थोरल्यांच्या नावानं. ऑक्टोबरात तीच वाक्यं एका पत्रकात छापून शाळेत आली, चौथीच्या मुलांकडून पाठ करून घ्यायला. जी मुलं त्या दिवशी वाळूत उभी होती, त्यांनाच. मुलं पाठ म्हणत आणि म्हणताना बाईंकडे बघत नसत. सासेतही त्यांच्याकडे बघत नसे.

नोव्हेंबरात शुमाफ आला. गेला तेव्हा तो तिशीचा होता आणि आला तेव्हा म्हातारा होता. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. जेवताना तो भाकरीभोवती हाताचं कोंडाळं करी, आणि दारावर थाप पडली की उठून उभा राही. त्याच्याजवळ राहण्याचा परवाना होता, त्यावर निळा शिक्का होता: तात्पुरता, एक वर्ष, पुढं वर्तणूक पाहून. सासेतनं तो कागद कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला आणि दिवसातून दोनदा तो जागेवर आहे ना हे बघू लागली.

रविवारी थोरल्यांनी मेंढा कापला आणि भाऊबंदांना जेवायला बोलावलं. आज सुनेला बोलती करायची होती. माणसं बसत होती तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि खाझ्रेत उतरला. जिल्ह्यात कामाला आलो होतो, म्हणाला, आजोबांना पत्रकाची प्रत द्यावी म्हटलं. आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवणारा अदिगे अजून जन्मायचाय. त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं आणि मेंढ्याच्या डोक्याचा वाटा त्याच्या ताटात ठेवला. गेन्नादी प्रोखोरोविचची आणि त्याची उठबस असते का, हे सासेतनं मुग्दीनला नजरेनंच विचारलं. मुग्दीननं खांदे उडवले.

जेवण अर्धं झाल्यावर थोरले उभे राहिले. त्यांनी आपल्या बायकोचा चांदीचा कमरपट्टा सासेतच्या हातात ठेवला. मग ते खाली बसले आणि त्यांनी सगळ्यांना बसायची खूण केली.

"बोल, सूनबाई," ते म्हणाले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच ते मांजराला न सांगता तिला म्हणाले. "रीतीप्रमाणं मी एक विचारणार, आणि तू त्याचं उत्तर देणार. त्या दिवशी किनाऱ्यावर मी काय बोललो ते शुमाफला सांग. हा तिथं नव्हता. याची वही त्यांनी जाळली, माझे आता किती दिवस राहिलेत कोण जाणे. आता हे तुझ्या तोंडात राहू दे. आपल्या भाषेत सांग."

"थोरले," मुग्दीन चुळबुळला, "पाहुणे बसलेत. नंतर कधीतरी."

"पाहुणा या घरचं मीठ खाऊन बसलाय," थोरले म्हणाले. "आपल्या पाहुण्यानं जेवल्या घरचं कधी बाहेर नेलंय? शंभर वर्षांत मी तरी ऐकलं नाही."

खाझ्रेतनं चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. मग ताटाशेजारची वही मिटली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. सासेतनं ते पाहिलं. त्यावर विश्वास ठेवावा असं तिला फार वाटलं, आणि पुढच्याच क्षणाला 'अजून तरी' आठवलं. कपाटातला निळा शिक्का आठवला. शेजारी शुमाफ डाव्या हाताची तीन बोटं मिटून बसला होता. वर्ष नुकतंच कुठं सुरू झालं होतं.

"बोल, पोरी," थोरले म्हणाले.

सासेतचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आपण म्हणालात," ती आपल्या भाषेत म्हणाली, "की आपले पूर्वज स्वखुशीनं आले. थोरल्या भावानं त्यांचा हात धरला. या समुद्रानं आपल्याला पोसलं."

ही वाक्यं आजवर रशियनमध्येच होती. आपल्या भाषेत ती त्या खोलीत काय, त्या अख्ख्या डोंगरात कुणी उच्चारली नव्हती. कुणाच्या तरी हातातला पेला ताटाला लागून वाजला.

थोरले रागावले नाहीत. जणू पोर उत्तर चुकली आणि वर्गात दुसरा हुशार मुलगा आहे, अशा नजरेनं त्यांनी नातवाकडे पाहिलं. "तू सांग, शुमाफ. तुला लहानपणी मी मांडीवर घेऊन सांगितलंय. तू तर लिहूनही घेतलं होतंस."

शुमाफनं तोंड पुसलं. तो उठला आणि हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, नजर समोरच्या भिंतीवर ठेवून उभा राहिला, छावणीत नंबर पुकारल्यावर उभं राहतात तसा.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "स्वखुशीनं आले. मीही असंच ऐकलंय."

खाझ्रेतनं बराच वेळ वाट पाहिली. आणखी कुणी काही बोलेल असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं सावकाश खिशातून वही काढली. "हे मला लिहिता येईल," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "दोघांच्याही नावानं लिहू?"

"लिहा," शुमाफ म्हणाला. "हवी तर सही करतो."

थोरले उभे राहिले, म्हणून रीतीप्रमाणं सगळ्यांनाच उठावं लागलं. नव्व्याण्णव वर्षांच्या त्या माणसानं टेबलाभोवतीच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, नातवाकडे, सुनेकडे, पाहुण्याकडे.

"मग माझी आई कुठं गेली?" त्यांनी विचारलं.